तास हे पाण्याचं माप नाही

"ड्रिप किती वेळ चालवू?" या प्रश्नाला जळगाव-धुळ्यात एकच उत्तर मिळतं. "चालू द्या ना तासभर." बंगल्याच्या मागे चार वांगी आणि दोन टोमॅटो लावणाऱ्या निवृत्त काकांना हेच उत्तर, आणि रावेरला तीन एकर केळी असणाऱ्यालाही हेच. फरक इतकाच की केळीवाल्याचा 'तासभर' म्हणजे लाइट असेपर्यंत.

या उत्तराविरुद्ध माझं जाहीर भांडण आहे. कारण साधं आहे. तास हे वेळेचं माप आहे, पाण्याचं नाही. "गाडीत पेट्रोल किती टाकू?" असं विचारल्यावर पंपावरच्या पोऱ्याने "टाका की तीन मिनिटं" म्हटलं, तर आपण त्याच्याकडे कसं बघू? मग ड्रिपच्या बाबतीत हे कसं काय चालतं बुवा?

माझ्यासारखे अनेक जण आहेत. गाव खानदेशात, नोकरी पुण्यात, डिग्री इंजिनिअरिंगची, आणि वाट्याला वडिलांची दोन-चार एकर किंवा निदान घरामागची परसबाग. आपण लोक काय करतो? दोन-तीन हजारांचा टायमर आणतो, नळाला लावतो, सकाळी सहा ते सात सेट करतो आणि मित्रांना सांगतो की आपण 'ऑटोमेशन' केलं. अहो, कुठलं ऑटोमेशन? कोडमध्ये ६० हा आकडा हार्डकोड करून ठेवला, एवढंच. डिसेंबरातही ६०, मे महिन्यातही ६०, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना जुलैतही ६०. ऑफिसात असा कोड कुणी चेक-इन केला तर आपण रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढू.

तर आधी हिशोब. घाबरू नका, सातवीच्या पुढचं काही नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. या एका वाक्यावर सगळं गणित उभं आहे. हवामानवाले पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हेही मग कळतं.

आता समजा वाफा ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर. त्यात इनलाइनच्या दोन नळ्या टाकल्यात, दर ३० सेंटिमीटरवर एक ड्रिपर, प्रत्येक ड्रिपर तासाला २ लिटरचा. एका नळीवर १० ड्रिपर, दोन नळ्यांवर २०. म्हणजे वाफ्याला तासाला ४० लिटर पाणी मिळतं. हा झाला पुरवठा.

मागणी किती? ती सूर्य, वारा आणि पीक ठरवतं. हवामान केंद्रावर पाण्याचं एक गोल पात्र उघड्यावर ठेवलेलं असतं, साधारण १.२ मीटर व्यासाचं आणि २५ सेंटिमीटर खोल. त्यातलं पाणी रोज किती मिलिमीटर उतरलं ते मोजतात. त्या आकड्याला ढोबळमानाने ०.७ ने गुणलं की जमीन झाकणाऱ्या हिरव्या पिकाची साधारण गरज निघते. पिकानुसार त्यात थोडं कमी-जास्त होतं, भाजीपाल्याला सध्या १ धरू.

आपल्याकडच्या मे महिन्यात पात्रातलं पाणी दिवसाला १२ मिमी उतरतं असं धरा, आणि डिसेंबरात ४.५ मिमी. (हे आकडे गणित समजावं म्हणून घेतलेत. तुमच्या भागातला आकडा जवळच्या कृषी महाविद्यालयात विचारा. जळगावला तर केळी संशोधन केंद्रच आहे.)

मे: १२ × ०.७ = ८.४ मिमी. गुणिले ३.६ चौ.मी. = साधारण ३० लिटर. ड्रिपमध्येही थोडं वाया जातं, म्हणून ०.९ ने भागा. ३३.६ लिटर. तासाला ४० लिटरच्या हिशोबाने ५० मिनिटं.

डिसेंबर: ४.५ × ०.७ = ३.१५ मिमी. तेच गणित करा. १२.६ लिटर. म्हणजे १९ मिनिटं.

आता बोला! मे महिन्यात 'तासभर' जवळपास बरोबर होतं, आणि तोच तासभर डिसेंबरात तिपटीहून जास्त झाला. त्यातून दुकानदाराने २ लिटरऐवजी ४ लिटरच्या ड्रिपरची नळी हातात दिली असेल, तर मे महिन्यातही २५ मिनिटं पुरतात. बाहेरून बघायला दोन्ही नळ्या सारख्याच काळ्या. शेजाऱ्याने "मी तर बुवा एक तास चालवतो" सांगितलं म्हणून तुम्हीही एक तास चालवला, तर त्याच्या वाफ्याला ४० लिटर आणि तुमच्या वाफ्याला ८० लिटर. सल्ला एकच, पाणी दुप्पट.

हे झालं ३.६ चौरस मीटरचं. इथे चूक झाली तर चार वांगी पिवळी पडतील, नळपट्टी थोडी वाढेल, संपलं. पण हीच सवय तापीच्या काठच्या केळीत गेली की काय होतं ते बघा.

केळीचं झाड १.८ बाय १.५ मीटरवर. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला २.७ चौरस मीटर, आणि एकरात साधारण १५०० झाडं. ओळीला एक नळी, दर ५० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रिपर. एका झाडाला तीन ड्रिपर, तासाला १२ लिटर. पूर्ण वाढलेली केळी सामान्य पिकापेक्षा थोडी जास्त पिते, म्हणून १.१ ने गुणायचं. मे महिन्यात झाडाला दिवसाला सुमारे २५ लिटर लागतात, ०.९ ने भागून २८ धरा. म्हणजे सव्वादोन तासांच्या थोडं वर. डिसेंबरात तेच उत्तर १०.४ लिटर, म्हणजे ५२ मिनिटं.

आता प्रत्यक्षात काय होतं? शेतीची लाइट वर्षानुवर्षं पाळीने आली. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री दीड वाजता केळीत वॉल्व्ह बदलायला कोण जाणार? साप आहेत, बिबट्या आहे. म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, कारण लाइट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि रोहित्र जळतं. पण लोक काढत नाहीत. "लाइट उनी का मोटर चालू." विषय संपला.

मी या शेतकऱ्याला मूर्ख म्हणणार नाही. उलट त्याची पद्धत नीट बघितली तर तिच्यात अक्कल दिसते. तीन एकराला तीन वॉल्व्ह. आज संध्याकाळी एक उघडा ठेवायचा, उद्या दुसरा, परवा तिसरा. रात्री आठ तास मोटर चालली असं धरा. एका झाडाला तीन दिवसांतून एकदा ९६ लिटर मिळाले. मे महिन्यात तीन दिवसांची गरज ८३ लिटर. म्हणजे हिशोब जवळजवळ जुळला की! कॅलक्युलेटर न लावता पिढ्यांच्या अंदाजाने माणूस बरोबर जागी आला. आमच्यासारखे 'स्मार्ट' टायमरवाले त्याच्यावर हसतात, त्यांनी आधी हे गणित करून बघावं.

पण तीच पाळी डिसेंबरात चालू राहते, आणि खरी मेख इथे आहे. तीन दिवसांची गरज ३१ लिटर, मिळालं ९६. तीनपट. तीन एकरांवर दर रात्री सुमारे ९७ हजार लिटर जास्तीचं पाणी. दहा हजार लिटरचे जवळपास दहा टँकर, रोज, एका शेतकऱ्याच्या एका मोटरीतून, थंडीत, जेव्हा विहिरीला पाणी आहे म्हणून कुणाला काही वाटत नाही. मे महिन्यात बोअर आटली की सगळे वर आकाशाकडे बघतात. बघायचं तर डिसेंबरच्या स्टार्टरकडे बघा.

इथे एखादा हुशार वाचक म्हणेल, जास्तीचं पाणी जातं कुठे? जमिनीत मुरतं, परत भूजलातच जातं. मग वाया कसं गेलं?

प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. काही पाणी खरंच खाली परत जातं. पण जाताना एकटं जात नाही. ड्रिपमधून दिलेला युरिया मुळांच्या खाली घेऊन जातं. म्हणजे खताचे पैसे गेले आणि नायट्रेट पाण्यात उतरलं. शिवाय जे पाणी खोल बोअरमधून वीज जाळून वर आणलं तेच परत खाली सोडायचं, याला पाणीपुरवठा म्हणायचं की वीज जाळायचा छंद? आणि मधे जे उलटं झालं ते निराळंच. काळी जमीन सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं, आणि झाड पिवळं दिसलं की माणूस काय करतो? अजून पाणी देतो.

रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशाचे म्हणून वर्षानुवर्षं सरकारी यादीत दिसत आले आहेत. ज्या भागात ड्रिप सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पोचलं, तोच हा भाग. हे कोडं सोडवायलाच हवं.

ठिबकचं तंत्र आधुनिक रूपात इस्रायलमध्ये उभं राहिलं. सिम्खा ब्लास या इंजिनिअरच्या कल्पनेवर तिथल्या एका किबुत्झने १९६५ साली नेटाफिम कंपनी काढली. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या शेवटी जळगावात भवरलाल जैन यांनी ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं, आणि त्याला टिश्यूकल्चर केळीची जोड दिली. जळगावची केळी आज देशभर ओळखली जाते, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे. हे मोठं काम आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण 'ड्रिप लावलं म्हणजे पाणी वाचलं' ही जी घोषणा आपण भिंतीभिंतींवर रंगवली, ती अर्धीच खरी आहे. ड्रिपमुळे पाणी वाचू *शकतं*. पाटाने वाहून किंवा उडून जाणारं पाणी कमी होतं, मान्य. पण झाड पानांमधून जे पाणी हवेत सोडतं ते तेवढंच राहतं, आणि तेच खरं संपणारं पाणी. आता वाचलेल्या पाण्याचं आपण काय केलं? अजून एक एकर केळी लावली! ज्या जमिनीवर आधी ज्वारी किंवा कापूस पावसावर यायचा, तिथे वर्षभर पाणी पिणारं पीक आलं. जळगावला पाऊस वर्षाला सातशे मिमीच्या आसपास, आणि केळीची वर्षाची भूक त्याच्या दुपटीहून जास्त. वरचं कुठून येणार? खालूनच.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. विल्यम जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवलं की इंजिनं कमी कोळशात चालायला लागली की देशाचा कोळसा कमी लागत नाही, जास्त लागतो, कारण इंजिनं वाढतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१७ साली पेरी आणि स्टेडुटो यांचा अहवाल काढला. त्याचा विषयच हा होता की सुधारित सिंचनाने पाणी खरंच वाचतं का. निष्कर्ष असा की पाण्याच्या वापरावर मर्यादा नसेल तर सहसा वाचत नाही, खप वाढतोच. पुढच्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात ग्राफ्टन आणि मंडळींनी हेच मांडलं. म्हणजे जगभर हेच चालू आहे, रावेर काही वेगळं नाही.

मग सरकार काय करतं? 'प्रति थेंब अधिक पीक' म्हणत केंद्र लहान शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान देतं, आणि राज्याने त्यात भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांवर नेलं. चांगलं आहे. पण हे अनुदान कशावर मिळतं? हेक्टरवर आणि नळीवर. पाणी किती वापरलं यावर काहीच नाही. घोषणेत थेंब आहे, पण थेंब मोजतंय कोण? दुसऱ्या हाताने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत केली. सौर पंपही येताहेत. दिवसा वीज मिळणार, रात्रीचा साप-बिबट्या टळणार, फार चांगली गोष्ट. पण सूर्य बिल पाठवत नाही. मोटर बंद करायचं एकही कारण शेतकऱ्याच्या समोर उरलं नाही, तर तो बंद करेल कशाला? मी तरी केली असती का?

आपल्याच खानदेशात याचं एक जुनं उत्तर आहे, आणि ते इंजिनिअरिंग कॉलेजात मला कुणी शिकवलं नाही. धुळ्याकडच्या पांझरेवर आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक, उसाचा फड दरवर्षी फिरता. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, सगळे गावाने नेमलेले. ना मीटर, ना टायमर, ना ॲप. पण दोन गोष्टी ठरलेल्या होत्या: किती जमिनीला पाणी द्यायचं, आणि पाणी कुणी *बंद* करायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी फडच कमी भिजवायचे, सगळ्यांनी मिळून. त्या व्यवस्थेत उणिवा नव्हत्या असं मी म्हणत नाही, जुनं ते सोनं वगैरे गळे काढायचे नाहीत. पण बंद करण्याची जबाबदारी कुणाची, हे त्यांना माहीत होतं. आम्ही ड्रिप आणलं, ऑटो स्विच आणला, आणि पाटकऱ्याची पोस्ट रद्द केली.

असो. नुसती टीका करून पळ काढणं बरं नाही, म्हणून काय करता येईल ते सांगतो.

पहिलं, ड्रिपर मोजा. ४ लिटरच्या ड्रिपरखाली लिटरची बाटली कापून ठेवली तर ती बरोबर १५ मिनिटांत भरली पाहिजे. २ लिटरच्या ड्रिपरला अर्धा तास. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी मोजा. शेवटच्याला पहिल्याच्या निम्मंच पाणी मिळत असेल तर वरचं सगळं गणित गेलं खड्ड्यात. आधी फिल्टर धुवा, नळीची टोकं उघडून गाळ काढा, क्षार बसले असतील तर माहीतगाराकडून आम्लप्रक्रिया करून घ्या.

दुसरं, मिनिटं महिन्यानुसार ठरवा. वरच्या वाफ्यासाठी, पात्रातलं बाष्पीभवन फेब्रुवारीत ७ आणि एप्रिलमध्ये ११ मिमी धरलं तर असं येतं: डिसेंबर १९ मिनिटं, फेब्रुवारी २९, एप्रिल ४६, मे ५०. पाऊस पडला की त्याचे मिलिमीटर वजा. पावसाळ्यात बहुतेक दिवशी उत्तर शून्य येतं, आणि शून्य हेही उत्तर असतं. हा कागद स्टार्टरच्या पेटीवर किंवा टायमरशेजारी चिकटवा.

तिसरं, माती बघा. दिवसाची मिनिटं हवामान ठरवतं, पण ती एकदम द्यायची की तुकड्यात, हे माती ठरवते. तापीकाठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते, तिथे एक-दोन दिवसांचं एकदम दिलं तरी चालतं. धुळ्याकडच्या मुरमाड जमिनीत तेच पाणी सरळ खाली निघून जातं. तिथे ५० मिनिटांचे सकाळी २५ आणि संध्याकाळी २५ करा. शंका आली तर ड्रिपर बंद झाल्यावर काही तासांनी वीतभर उकरून बघा. बोटांना कळतं ते बऱ्याच सेन्सरना कळत नाही.

चौथं, आणि हे सरकारला. अनुदानाच्या प्रत्येक संचाबरोबर एक पाणी मीटर द्या आणि विक्रेत्याला सक्ती करा की त्या शेताचा, त्या नळीचा, बारा महिन्यांचा मिनिटांचा तक्ता त्याने लिहून सही करून द्यावा. बिलावर नळीचे मीटर लिहिता, मग पाण्याची मिनिटं लिहायला काय जातं? विजेला पैसे नका लावू हवं तर. पण गावाच्या भूजलातून यंदा किती लिटर काढायचे, आणि त्यात केळी किती एकर बसते, हे गावाने बसून ठरवल्याशिवाय दिलेलं प्रत्येक अनुदान आणखी एका बोअरला दिलेलं अनुदान आहे.

आणि पाचवं, आपल्याला, म्हणजे शनिवार-रविवारी गावी जाऊन वडिलांना 'स्मार्ट फार्मिंग'चे व्हिडिओ दाखवणाऱ्यांना. मोबाइलवरून मोटर चालू करता येते याचं आता कौतुक पुरे. चालू तर ती ऑटो स्विचनेही होते. वडिलांशेजारी बसून डिसेंबरची मिनिटं काढा, आणि मोटर बंद कधी व्हायची ते आधी ठरवा. त्यासाठी लागणारं गणित आपण सातवीत शिकलोय, आणि बाटली घरात आहे.